फाटकावरचा माणूस : केलर पद्धतीच्या एका वर्गाचा प्रकरण अभ्यास

बी.एड. केलेल्या प्रत्येकाने क्रमान्वित अध्ययन, म्हणजे विषयाचे लहान तुकडे पाडून प्रत्येकावर प्रश्न विचारत शिकवणे, वाचलेले असते. मानसशास्त्रज्ञ स्किनरची रेषीय चौकट (सगळ्यांना एकच क्रम) आणि क्राउडरची शाखीय चौकट (उत्तरानुसार वेगळी वाट) त्यात येतात, पाठोपाठ फायदे-मर्यादा येतात. पण स्वगतीने शिकायचे, एकेक पायरी चढायची, पायरीपायरीला चाचणी द्यायची, ही कल्पना शंभरावर विद्यार्थ्यांच्या वर्गात सत्रभर चालवायची तर रोज काय काय करावे लागते, ते त्या प्रकरणात सापडत नाही. ते पाहायला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेड केलर यांनी १९६५च्या वसंत सत्रापासून अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठात चालवलेला मानसशास्त्राचा प्रास्ताविक अभ्यासक्रम फार उपयोगी आहे. कोणाला किती वाचायला दिले, चाचणीत किती प्रश्न होते, नापास झालेल्याला किती वेळ थांबवले, गुण कसे वाटले, हे सगळे केलर यांनी १९६८ साली ‘गुड-बाय, टीचर’ या लेखात लिहून ठेवले. पुढे दहाएक वर्षे अमेरिकेतल्या अनेक महाविद्यालयांनी तीच पद्धत उचलली, त्यामुळे तिचे दोषही तितकेच स्पष्ट समोर आले.

कल्पना कुठून आली

केलर तरुणपणी वेस्टर्न युनियनमध्ये तार-कर्मचारी होते. पुढे हार्वर्डला गेले. स्किनर आणि ते सहाध्यायी, दोघांनाही पीएच.डी. मिळाली १९३१ साली. दुसऱ्या महायुद्धात सैन्यातल्या नवशिक्यांना मोर्स संकेत शिकवण्याचे काम केलर यांच्याकडे आले. त्यांनी बसवलेली रीत साधी होती : संकेत वाजतो, शिकणारा तीनेक सेकंदांत ओळखून अक्षर लिहितो, लगेच आवाज त्या अक्षराचे नाव सांगतो, मग पुढचा संकेत. चूक तीन सेकंदांहून जास्त काळ मनात राहत नाही. सैन्याच्या त्या प्रशिक्षण केंद्रांत मोठे विद्वान शिकवत नव्हते, आधी तेच शिकलेले साधे शिपाई-नाईक शिकवत होते. जो तयार झाला तो पुढच्या टप्प्याला जाई, जो झाला नाही तो तिथेच सराव करी. पुढे केलर यांनीच लिहिले, की आपल्याला हवे होते ते सगळे तेव्हा डोळ्यांसमोर होते, पण त्याचा अर्थ वीस वर्षे लागला नाही.

स्किनर दुसऱ्या वाटेने तिथेच पोचले. नोव्हेंबर १९५३मध्ये मुलीच्या गणिताच्या तासाला ते मागे बसले होते. उत्तर बरोबर की चूक हे मुलांना लगेच कळत नाही आणि सगळ्यांना एकाच वेगाने हाकले जाते, या दोन गोष्टी त्यांना खटकल्या. त्यातून एकेक प्रश्न दाखवून उत्तर लगेच पडताळू देणारे अध्यापन यंत्र आले, त्याच्या चौकटी, म्हणजे मजकुराचे प्रश्नासह छोटे तुकडे, आल्या.

१९६१मध्ये केलर ब्राझीलमधल्या साओ पाउलोला शिकवायला गेले. तिथे त्यांना कारोलिना बोरी आणि रोडोल्फो आझी हे तिथले मानसशास्त्रज्ञ भेटले. केलर यांचे कोलंबिया विद्यापीठातले सहकारी गिलमोर शेरमन पाठोपाठ गेले. नव्या ब्राझिलिया विद्यापीठात मानसशास्त्र विभाग उभा करायचा होता आणि जुन्या साच्यात शिकवण्याची सक्ती नव्हती. २९ मार्च १९६३च्या संध्याकाळी न्यू जर्सीतल्या एंगलवुड इथल्या केलर यांच्या घरी चौघांनी बसून आराखडा काढला. १९६४मध्ये ब्राझिलियात तो वापरात आला, पण त्याच वर्षी लष्करी सत्तांतर झाले आणि ऑक्टोबर १९६५मध्ये विद्यापीठातल्या २२३ प्राध्यापकांनी एकदम राजीनामे दिले. आराखडा पुरता फुलला तो अ‍ॅरिझोनात.

वर्गाची मांडणी

सोळा आठवड्यांचे सत्र, तीस घटक. म्हणजे आठवड्याला साधारण दोन. काही घटक वाचनाचे, काही प्रयोगशाळेतले. क्रम ठरलेला : पाचवा पार केल्याशिवाय सहाव्याचे कागद हातात पडत नाहीत. विद्यार्थी घटकाची मार्गदर्शिका घेतो, अभ्यासिकेत किंवा घरी वाचतो, तयार झालो असे वाटले की चाचणीच्या खोलीत येतो. ठरलेल्या तासांखेरीज आठवड्यात जादा वेळही खुला असे, मागे पडलेल्यांसाठी आणि पुढे जायची घाई असलेल्यांसाठी.

व्याख्याने होती, पण त्यांवर परीक्षेत प्रश्न नाही आणि हजेरीची सक्ती नाही. वर्गातला काही ठरावीक हिस्सा ठरावीक घटकापर्यंत पोचला की व्याख्यान किंवा प्रात्यक्षिक जाहीर व्हायचे. तिथवर पोचलेल्यांना ते समजेल, म्हणून ते त्यांच्यासाठी. ज्ञान पोचवण्याचे काम पूर्णपणे लिखित शब्दावर टाकले होते.

माणसे तीन प्रकारची. प्राध्यापक साहित्य निवडतात, क्रम लावतात, चाचण्या काढतात, तक्रारी आणि मतभेद मिटवतात. साहाय्यक कागद वाटतो आणि नोंदी ठेवतो. आणि प्रॉक्टर : आधी हाच अभ्यासक्रम उत्तम रीतीने पूर्ण केलेला पदवीचाच विद्यार्थी. साधारण दहा जणांमागे एक. त्याला या कामाचे शैक्षणिक श्रेय मिळे आणि दर आठवड्याला प्राध्यापकांबरोबर बैठक असे.

अंतिम श्रेणीत ७५ टक्के वजन पार केलेल्या घटकांना आणि प्रयोगांना, २५ टक्के सत्रान्त परीक्षेला. परीक्षेतले प्रश्न मुख्यतः घटकचाचण्यांतलेच. इथे चकवायचे काहीच नाही, हे विद्यार्थ्याला पहिल्या दिवशीच्या पत्रकात सांगितलेले असे.

चाचणी : मोजपट्टी नव्हे, फाटक

प्रत्येक चाचणीत दहा रिकाम्या जागा आणि एक लघुउत्तरी प्रश्न. वेळ सुमारे वीस मिनिटे. एका घटकाचे चार वेगवेगळे संच. विद्यार्थी उत्तरपत्रिका घेऊन शेजारच्या खोलीत प्रॉक्टरसमोर बसतो आणि प्रॉक्टर त्याच्यासमोरच तपासतो. शंकास्पद उत्तरावर विद्यार्थ्याला बाजू मांडता येते. प्रश्नच संदिग्ध होता असे निघाले तर ते मान्य होते आणि प्रश्न दुरुस्तीच्या यादीत जातो. चुका जास्त असतील तर परत पाठवायचे, निदान अर्धा तास अभ्यास करायला लावायचे, मग दुसरा संच. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या अपयशाचा गुणांवर काहीही परिणाम नाही.

हे शेवटचे वाक्य पद्धतीचा कणा आहे. आपल्याकडे घटकचाचणी म्हणजे वीसपैकी किती, ते पत्रकावर चढले की विषय संपला. वीसपैकी अकरा मिळालेला मुलगा ते न कळलेले नऊ गुण बरोबर घेऊनच पुढच्या धड्यात जातो. केलर यांच्या चाचणीत अकरा गुण हा निकालच नाही. निकाल दोनच : फाटक उघडले, किंवा अजून नाही. गुण जात नाहीत म्हणून विद्यार्थी अर्ध्या तयारीतही येऊन बसायला बिचकत नाही, आणि कुठे अडले ते लवकर उघड होते.

अर्धा तास का? लगेच दुसरा संच दिला तर विद्यार्थी नुकत्याच कळलेल्या दोन उत्तरांच्या जोरावर नशीब आजमावतो. दुसऱ्या दिवशी या म्हटले तर तो चार दिवसांनी येतो. अर्ध्या तासात तो पुस्तक उघडून तीच दोन पाने पुन्हा वाचू शकतो आणि त्याच बैठकीत परतू शकतो.

चार संचांचा खर्च मात्र आधीच मोजावा. तीस घटक गुणिले चार संच म्हणजे १२० चाचण्या; त्यात १,२०० रिकाम्या जागा आणि १२० लघुउत्तरी प्रश्न. सत्र सुरू होण्याआधी निदान पहिल्या दहा घटकांचे, म्हणजे ४४० प्रश्न हातात हवेत. एकाच संचावर भागवले तर पहिल्या आठवड्यानंतर उत्तरे कँटीनमध्ये फिरू लागतात आणि फाटक नावापुरते उरते.

एक घटक लिहून पाहिला तर

केलर यांचा विषय मानसशास्त्र होता, पण घटकाची घडण कोणत्याही विषयात तीच राहते. मराठी वाचकाला ओळखीचा विषय घेऊ : सरळरेषा पद्धतीने घसारा, म्हणजे मालमत्तेच्या मूल्यातली घट तिच्या आयुष्यातल्या वर्षांवर सारखी वाटणे.

मार्गदर्शिका दोन पानांपेक्षा मोठी नको. पहिल्या परिच्छेदात घटक कशासाठी आहे ते. मग उद्दिष्टे, आणि ती ‘घसाऱ्याची संकल्पना समजून घेणे’ अशी नकोत. ‘खरेदी किंमत, उभारणी खर्च, अवशेष मूल्य (आयुष्य संपल्यावर उरणारी किंमत) आणि आयुष्य दिले असता पहिल्या वर्षाचा घसारा काढता येणे, खरेदी वर्षाच्या मध्ये झाली असली तरीही’ असे लिहावे. मग पाठ्यपुस्तकातली नेमकी पाने, आणि कोणते उदाहरण सोडून द्यायचे तेही. मग अभ्यासप्रश्न, पंधराएक. चाचणीतले सगळे प्रश्न या अभ्यासप्रश्नांच्या कक्षेतलेच हवेत.

आता चाचणीतला एक प्रश्न. यंत्र ९४,००० रुपयांना १ ऑक्टोबरला घेतले, उभारणीला ६,००० लागले, आयुष्य ९ वर्षे, अवशेष मूल्य १०,०००, हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपते. पहिल्या वर्षाचा घसारा? बरोबर उत्तर ५,०००. एखाद्याने १०,००० लिहिले तर त्याने सहा महिन्यांचा विचार केलेला नाही. ५,५५६ लिहिले तर अवशेष मूल्य वजा करायचे राहिले. ४,६६७ लिहिले तर उभारणी खर्च मिळवलेला नाही. आकडे असे निवडायचे की प्रत्येक ठरावीक चुकीतून वेगळेच उत्तर बाहेर पडावे. मग प्रॉक्टरला ‘चूक’ म्हणून फुली मारावी लागत नाही. तो उत्तर पाहूनच विचारतो, ‘यंत्र बसवायला आलेला खर्च कुठे धरलास?’ आकडे बेफिकिरीने निवडले, तर दोन वेगळ्या चुकांचे उत्तर एकच येते आणि ही सगळी माहिती वाया जाते. चारही संचांत हेच तपासावे लागते, आणि एका घटकाचे संच लिहिण्यातला निम्मा वेळ इथेच जातो.

उलट बाजूचा दोष म्हणजे फुकटची उत्तरे. ‘मालमत्तेच्या वापरामुळे तिच्या मूल्यात होणाऱ्या घटीला घसारा म्हणतात. म्हणून मूल्यातील घट म्हणजे ____.’ अशी रिकामी जागा भरायला वाचावे लागत नाही. क्रमान्वित पुस्तकांत हा रोग पसरला होता. स्किनर यांचे सहकारी जेम्स हॉलंड यांनी त्यावर काढलेला उपाय आजही घरी करता येतो : उत्तर देण्यासाठी चौकटीतला जो मजकूर लागत नाही तो काळ्या शाईने झाकत जायचे. निम्मा मजकूर झाकूनही विद्यार्थी बरोबर उत्तर देत असेल, तर तो निम्मा मजकूर त्याने वाचलेला नाही असे धरावे. घटकचाचणीसाठी याहून सोपी परीक्षा आहे. घटक न वाचलेल्या तिघांना चाचणी द्या. त्यांना दहापैकी पाच-सहा आले तर चाचणी टाकून द्या.

दर चार-पाच घटकांनंतर एक उजळणी घटक ठेवावा. त्यात नवे वाचन नाही, फक्त मागच्यांची सरमिसळ. घसारा एकटा विचारला की येतो. अंतिम लेख्यांच्या उदाहरणात इतर दहा समायोजनांबरोबर आला की निसटतो. हे निसटणे सत्रान्त परीक्षेआधी कळायला हवे.

प्रॉक्टरच्या टेबलावर

या पद्धतीवर बोलताना लोक साहित्यावर बोलतात. आमच्या मते तिचे यश प्रॉक्टरच्या टेबलापाशी ठरते. छापील उत्तरसूची ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ सांगते. विद्यार्थी चुकीच्या कारणाने बरोबर उत्तरावर आला असेल तर सूचीला ते कळत नाही. समोर बसलेला, गेल्याच वर्षी त्याच दगडाला अडखळलेला मुलगा ते ओळखतो. शिवाय तो प्राध्यापक नाही, त्यामुळे ‘मला हे कळलंच नाही’ असे त्याला सांगता येते.

प्रॉक्टर चुकतो तोही ठरावीक प्रकारे. एक म्हणजे शिकवत बसणे : चूक दिसली की तो पाच मिनिटे समजावतो, विद्यार्थी मान डोलावतो, आणि प्रॉक्टर त्याला पास करतो. डोलावलेली मान हा पुरावा नाही. समजावणे दोन वाक्यांत, मग परत अभ्यासाला, मग दुसरा संच. दुसरी चूक मैत्रीची, जी एकाच वसतिगृहातल्या दोघांत हमखास होते. साप्ताहिक बैठकीत प्रत्येक प्रॉक्टरच्या ढिगातून दोन-तीन तपासलेल्या उत्तरपत्रिका उचलून प्राध्यापकांनी पुन्हा तपासल्या की ती आटोक्यात राहते. हीच बैठक प्रश्न सुधारण्याची जागा. सगळ्यांच्या ढिगात तोच प्रश्न चुकत असेल तर दोष मार्गदर्शिकेत आहे.

आता भार मोजू. शंभर विद्यार्थी, तीस घटक, दर घटकाला सरासरी १.३ प्रयत्न धरले तर सत्रात ३,९०० चाचण्या होतात. सोळा आठवड्यांत विभागल्या तर आठवड्याला सुमारे २४४. दहा प्रॉक्टर असतील तर प्रत्येकी २४ किंवा २५. एकेका तपासणीला आठ मिनिटे धरली तर आठवड्याला सव्वातीन तास. हे जमण्यासारखे आहे. पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक प्रॉक्टर नेमला तर तोच आकडा आठ तासांवर जातो, आणि स्वतःचा अभ्यास असलेला विद्यार्थी तितका वेळ देत नाही. प्रॉक्टर मिळणे अवघड असेल तिथे शेरमन यांनी वेगळी वाट काढली : त्याच वर्गातले जे पहिले काही जण घटक पार करतील, तेच त्या घटकापुरते इतरांचे तपासनीस. त्याने माणसे मिळतात, आणि तपासणाऱ्याचा स्वतःचा अभ्यास पक्का होतो.

मोडते ते इथे

स्वगती म्हणजे उशीर करण्याचीही मोकळीक. ज्याला दुसऱ्या चार विषयांत ठरलेल्या तारखांच्या परीक्षा आहेत, तो बिनतारखेचा विषय मागे ढकलतो. पहिले तीन-चार घटक उत्साहात होतात, मग पहिली मोठी परीक्षा कुठेतरी येते आणि सहाव्या घटकावर तो आठवडे काढतो. केलर पद्धतीच्या अभ्यासक्रमांत मध्येच नाव काढून घेणाऱ्यांची संख्या वाढते ही तक्रार सुरुवातीपासून होती. नाव काढणारे बहुतेक नापास होऊन जात नव्हते, मागे पडून जात होते.

उशिराचा फटका उशीर करणाऱ्यापुरता राहत नाही. वरच्याच हिशेबात अर्ध्या वर्गाने पंधरा घटक शेवटच्या दोन आठवड्यांसाठी ठेवले असे धरा. ५० गुणिले १५ गुणिले १.३ म्हणजे ९७५ चाचण्या, आठवड्याला ४८७. दर प्रॉक्टरला साडेसहा तास, तेही त्याच्या स्वतःच्या परीक्षा तोंडावर असताना. मग आठ मिनिटांची तपासणी दोन मिनिटांवर येते. लघुउत्तरी प्रश्न वाचला जात नाही, बाजू ऐकली जात नाही, अर्धा तास थांबवले जात नाही. साहित्य तेच, चाचण्या त्याच, पण फाटक सताड उघडे. गंमत नाही, पद्धतीवरचा विश्वास इथेच उडतो, कारण बाहेरच्याला शेवटच्या आठवड्यातली रांगच तेवढी दिसते.

उपाय अनेकांनी करून पाहिले. सगळ्यात सौम्य म्हणजे ‘किमान गती’ची रेघ : आलेखाच्या कागदावर आठवडे आडवे, घटक उभे, आणि प्रत्येकाने आपली रेघ स्वतः भरायची. ठरलेल्या तारखेआधी पार केलेल्या घटकाला थोडे जादा गुण देणे याहून परिणामकारक. ठरावीक तारखेपर्यंत ठरावीक घटक न झाल्यास अभ्यासक्रम सोडावा लागेल, हा सर्वांत कठोर. आमचा कल मधल्या मार्गाकडे आहे : पहिल्या एक-तृतीयांश घटकांना तारखा, पुढे मोकळीक. सवय लागते ती सुरुवातीलाच, आणि दहाव्या घटकापर्यंत वेळेत पोचलेला विद्यार्थी सहसा मागे राहत नाही.

गुण जास्त आले म्हणून

बहुतेक विद्यार्थी बहुतेक घटक पार करत, म्हणून सर्वोच्च श्रेणी मिळवणारेच संख्येने जास्त निघत. नेहमीचा घंटेच्या आकाराचा आलेख उलटा व्हायचा. अनेक विद्यापीठांत याचा अर्थ ‘अभ्यासक्रम सोपा आहे’ असा लावला गेला. तो अर्थ चूक आहे हे तुलनांनी दाखवले. जेम्स कुलिक, चेन-लिन कुलिक आणि पीटर कोहेन यांनी १९७९मध्ये केलर पद्धत आणि नेहमीचे अध्यापन यांच्या ७५ तुलना एकत्र तपासल्या. सत्रान्त परीक्षेत केलर पद्धतीचे विद्यार्थी सरासरी आठ टक्के-गुणांनी पुढे होते, आणि काही महिन्यांनी पुन्हा परीक्षा घेतली तेव्हा फरक चौदापर्यंत वाढलेला होता. दुसरा आकडा जास्त मोलाचा आहे. विसरण्याचा वेग कमी झाला, कारण प्रत्येक घटक एकदा तरी पूर्ण येऊन गेलेला होता.

तरीही १९८०च्या सुमारास पद्धत ओसरली. दर वर्षी नवे प्रॉक्टर तयार करायचे, १२० चाचण्या ताज्या ठेवायच्या, श्रेणींबद्दल विभागप्रमुखांना उत्तरे द्यायची, आणि हे करणाऱ्या प्राध्यापकाच्या कार्यभारात व्याख्यानाचे तास दिसत नाहीत. पुष्कळ ठिकाणी स्वगती काढली, मग पुनर्चाचणी एकदाच केली, मग प्रॉक्टर काढले, आणि नाव मात्र तेच ठेवले. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात जोसेफ पिअर यांनी १९८०च्या दशकात पद्धत संगणकावर नेली, तेव्हा मात्र त्यांनी माणूस काढला नाही. विद्यार्थी उत्तरे टंकून पाठवतो आणि तो घटक आधी पार केलेले दोन सहाध्यायी ती स्वतंत्रपणे तपासतात.

आपल्याकडे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९मध्ये नाशिकला स्थापन झाले. तेव्हापासून स्वयं-अध्ययनाचे मराठी साहित्य लाखो घरांत पोचले आहे. घटक, उपघटक, मध्ये प्रश्न, शेवटी उत्तरे अशी त्याची रचना. ते साहित्य हा मोठा ठेवा आहे. पण उत्तरे त्याच पुस्तकात असतात आणि पुढचे पान उघडायला कोणाची परवानगी लागत नाही. एखाद्या अभ्यासकेंद्राला इथून पुढे जायचे असेल तर नवे पुस्तक लिहायची गरज नाही. असलेल्या पुस्तकाचे पंधरा-वीस घटक पाडावेत, प्रत्येकाचे निदान तीन संच काढावेत, गेल्या वर्षी चांगले उत्तीर्ण झालेले चार-पाच जण गाठावेत, आणि रविवारच्या संपर्कसत्रातला एक तास व्याख्यानातून काढून या टेबलांना द्यावा. माणसे आधी ठरवावीत, संच नंतर काढावेत. कारण चाळीस विद्यार्थ्यांना चार टेबले मिळाली तर काम चालते, आणि एकच टेबल असेल तर पहिल्याच रविवारी रांग दाराबाहेर जाते आणि दुसऱ्या रविवारी अर्धे जण येत नाहीत.